पिल्लू ‘मोठं’ कधी होतं?

आज विषय मांजराचा.

खोडाळ्यात नागली, वरई, भात घरात आला की मागोमाग उंदीर येतात. मग कुणाकडून तरी मांजराचं पिल्लू मागून आणायची घाई. आणि गडबड इथेच होते, कारण पिल्लू फार लहान असतानाच उचललं जातं.

आता जरा वजनं ऐका. जन्मताना पिल्लू साधारण 100 ग्रॅमचं, म्हणजे साबणाच्या वडीएवढं. डोळे बंद, कानही मिटलेले. आई सात घरं फिरवते तेव्हा डोळे उघडतात, असं आपल्याकडे म्हणतात ना? डोळे 7 ते 14 दिवसांत आपोआप उघडतात. आई जागा बदलते ती बोक्याच्या नि कुत्र्याच्या भीतीनं. पुढे दर आठवड्याला जवळपास 100 ग्रॅम वाढ. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुधाचे दात येतात, मग हळूहळू मऊ खाणं सुरू. दोन महिन्यांचं पिल्लू 800 ग्रॅम ते किलोभर भरतं. विचार करा, आठ आठवड्यांत आठपट!

ही वाढ सुरू होते आईच्या दुधावर. आपण मात्र तीन आठवड्यांचं पिल्लू आणतो आणि वाटीत गायीचं दूध ठेवतो. त्यातली साखर बऱ्याच पिल्लांना पचत नाही, जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी बघता बघता संपतं. म्हणून आठ आठवडे तरी आईजवळच राहू द्या. उंदीर तोवर थांबणार नाहीत, पण तीन आठवड्यांचं पिल्लू तरी कुठे उंदीर धरतंय! नंतरही नुसत्या दूध-भाकरीवर भागत नाही. मांजराला मांस-मासे लागतातच.

आता दुसरी फसगत. सहा महिन्यांचं मांजर बघून आपण म्हणतो, झालं मोठं. पक्के दात आलेले, वजन अडीच किलोच्या आसपास. पण हाडं वर्षभर वाढत असतात, बोक्याची तर आणखी थोडे दिवस. आणि मादी चार-पाच महिन्यांतच गाभण राहू शकते! स्वतःचं अंग अजून भरायचंय, आणि पोटात तीन-चार पिल्लं. त्यामुळे चौथ्या महिन्यातच जनावरांच्या डॉक्टरांना ऑपरेशनचं विचारून ठेवा.

घरात लहान पिल्लू असेल तर किराणावाल्याच्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला वजन करा, मोबाईलमध्ये लिहून ठेवा. आकडा वाढायचा थांबला किंवा घसरला, तर वाट बघू नका, डॉक्टरांना गाठा.

चला, भेटू पुढच्या भागात!