डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागलेला असताना स्पोर्ट्स कार चालवत राहावं का, हा आजचा प्रश्न. केनवडसारख्या गावात रेडिओ ऐकणारे म्हणतील, आमच्या रस्त्यानं सोयाबीनच्या ट्रॉल्या जातात, ही चैन आम्हाला कशाला सांगता? पण डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, तेव्हापासून मालेगाव-मेहकरच्या अंगानं भरधाव गाड्या रोज जातात. आणि एप्रिल २०२० नंतरची, बीएस-६ मोटारसायकल तुमच्या अंगणात असेल, तर हाच दिवा तिच्यावरही आहे. चावी फिरवली की लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो. विझला नाही, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीही आहे. माझं म्हणणं एवढंच की गाडी जितकी ताकदवान, तितकं या दिव्याकडे लवकर लक्ष द्यायचं. लोक नेमकं उलट धरून चालतात. गाडी भारी, इंजिन दणकट, तिला काय होतंय!

हा दिवा मुळात इंजिन वाचवायला आलाच नाही. तो आला धुरामुळे. अमेरिकेत लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारं धुरकं साचायचं. ते वाहनांच्या धुरावर ऊन पडून तयार होतं, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानं १९५०च्या सुमारास दाखवलं. पुढे कॅलिफोर्नियानं १९८८च्या मॉडेलपासून मोटारीनं स्वतःवर नजर ठेवावी असा नियम केला. आपल्याकडे तो २०१० पासून आला आणि २०१३ मध्ये कडक झाला. म्हणजे दिवा विचारतो तो धुराबद्दल. पण धूर बिघडतो केव्हा? आत पेट्रोल नीट जळलं नाही तर. आणि ते नीट जळत नाही, कारण हवा, पेट्रोल नाही तर ठिणगी, यांतलं काहीतरी चुकलेलं असतं. धुरावर राखण ठेवता ठेवता इंजिनाच्या पोटातलं कळायला लागलं, ते असं.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो, आणि इथे थोडा रेंगाळणार आहे. सायलेन्सरच्या आधी नळीत एक डबा असतो, त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची वीट असते आणि छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महाग धातूंचा अगदी पातळ थर. विषारी वायू त्यातून गेले की बरेचसे निरुपद्रवी होऊन बाहेर पडतात. अट एकच, एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा, वजनानं. हे प्रमाण सांभाळायला नळीत ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. आता एखादा प्लग किंवा कॉइल कमजोर झाली, इंजिन मिसिंग मारू लागलं, की न जळलेलं पेट्रोल हवेसकट थेट या विटेवर जातं आणि तिथे पेटतं. वीट लाल होते, वितळते, छिद्रं बुजतात, धुराला वाट राहत नाही. अशी तापलेली गाडी शेताच्या कडेला सोयाबीनच्या कुटारावर उभी केली तर आग लागायला वेळ लागत नाही. म्हणून लक्षात ठेवा, दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठा, लुकलुकत असेल, म्हणजे असं मिसिंग चालू असेल, तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पुन्हा सांगतो, स्थिर असेल तर सावकाश, लुकलुकत असेल तर थांबायचं.

स्पोर्ट्स कारचं वेगळेपण इथेच आहे. समृद्धीवर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाला लहान गाडीचं इंजिन कण्हतं, पण स्पोर्ट्स कारच्या ताकदीचा त्यात थोडाच भाग लागतो. दोष असला तरी पायाला जाणवत नाही. मग ट्रक ओलांडायला पाय दाबला की टर्बो हवा कोंबतो, सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाट हवेतून ठिणगी उडवणं कमजोर कॉइलला जमत नाही. त्याच वेळी पेट्रोल कमी पडत असेल तर पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. पुण्याच्या डीसी अवंती या स्पोर्ट्स कारमध्ये दोन लिटरचं टर्बो इंजिन होतं, चाकणला बनलेल्या पोलो जीटीत त्याहून लहान. नियम दोन्हींना सारखाच. असा दोष दिसला की बऱ्याच गाड्या आपणहून ताकद कमी करतात. ती गाडीची शिस्त आहे, तिला 'पिकअप गेला' म्हणून शिव्या देऊ नका.

कुणी म्हणेल, नुसता सेन्सर बिघडला असेल, गाडी तर मस्त चालते. असेल! जुना झालेला ऑक्सिजन सेन्सर हे नेहमीचंच कारण आहे. पण तोच पेट्रोलचं माप सांभाळतो, तेव्हा 'नुसता' कसा? आणि सेन्सर आहे की कॉइल, हे दिवा सांगत नाही, कोड सांगतो. पी०३०० म्हणजे मिसिंग, पी०४२० म्हणजे ती वीट नीट काम करत नाही. दुसरा आक्षेप खरा आहे, की कंपनीचं गॅरेज अकोल्याला नाही तर नागपूरला. पण कोड वाचायला कंपनी लागत नाही. स्टिअरिंगखालच्या खोबणीत साधा स्कॅनर लावला की तो दिसतो, आणि असे स्कॅनर आता तालुक्याच्या मेकॅनिककडेही असतात.

आणि ती बॅटरीची वायर काढून दिवा विझवण्याची विद्या! कोण शिकवतं कोण जाणे. त्यानं बहुतेक गाड्यांतला कोड पुसला जातो, दोष तसाच राहतो, आणि मेकॅनिकच्या हाती काही उरत नाही. दुरुस्ती खरी झाली असेल तर दोष न येता तीन फेऱ्या झाल्या की दिवा सहसा आपोआप विझतो. तेवढा धीर धरा की!

समोरून वेळ संपल्याची खूण होते आहे. लाल दिव्यांबद्दल बोलायचं राहिलंच. ऑइलचा लाल दिवा लागला तर पुढचा फाटाही गाठायचा नाही, इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं. पाणी तापल्याचा लागला तरी थांबायचं, मात्र रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.