भाड्याची गाडी आणि पार्किंगची पावती

दिवाळीच्या प्रदर्शनाला आम्ही गटातल्या बायकांनी भाड्याची गाडी नेली. खासगी पार्किंगची पावती हरवली, तर तिथल्या माणसाने ५०० रुपये ‘दंड’ मागितला. गाडीमालक फोनवर म्हणाला, “भरा, नाहीतर डिपॉझिटमधून कापीन.” ५०० रुपयांसाठी आमच्या दोघीजणी दोन दिवस पापड लाटतात! आम्ही दारावरचा फलक वाचला: पावती हरवल्यास ५० रुपये. दंड सरकारी यंत्रणा करते; पार्किंगवाल्याने ठरलेले शुल्कच मागावे. ५० रुपये भरले, नवी पावती घेतली, तिचा फोटो मालकाला पाठवला. डिपॉझिट पूर्ण परत मिळाले. तुम्हीही पार्किंग कोण भरणार, ते आधीच लिहून घ्या. शिरतानाच फलकाचा फोटो काढा. अडलात तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.