वेळासला चला, आंबडव्यालाही चला
(रत्नागिरीतल्या युवकांपुढे केलेलं भाषण)

साथींनो,

शिबिरासाठी कार्यकर्ते पाहिजेत, म्हणून उभा आहे. शहरातल्या वस्त्यांमधली पोरंपोरी वेळासला न्यायची, समुद्रकासवं बघायला. काहीजण म्हणतात, पोटाला नाही अन् कासवं कसली बघता? निसर्ग हे दुर्बीणवाल्यांचं खूळ.

निसर्ग आपल्याला परका, हे खोटं. गावाची शीव कुठून जाते, ते आपल्या पणज्याला विचारून ठरायचं. ते ज्ञानच होतं, पण वेठीचं. १९५८ च्या कायद्यानं महारवतन गेलं, बरंच झालं. वेठ जाळायचीच होती. तिच्याबरोबर झाडापाखरांची ओळख का जाळायची? मी धक्क्यावर ओझी वाहतो. भरती-ओहोटी मला माहीत होती ती कामाची वेळ म्हणून. चंद्र पाणी ओढतो, हे मुकादमानं नाही, पुस्तकानं सांगितलं. आपल्या पोरांना हे किनाऱ्यावर उभं राहून कळलं पाहिजे.

वेळासला ऑलिव्ह रिडलेची मादी वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळू जास्त तापली की माद्या जास्त, थंड राहिली की नर जास्त. पूर्वी ही अंडी उकरून नेली जायची. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा, पण अंडी चोरीला जातच होती. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखली, तेव्हा पिल्लं समुद्राला लागली.

चवदार तळ्याचं तरी काय झालं? सार्वजनिक पाणवठे खुले करा, हा मुंबई कायदेमंडळाचा ठराव १९२३ चा. पाणी ओंजळीत आलं २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांच्या मागून माणसं चालत गेली तेव्हा. कागद आपोआप चालत नाही, त्याला माणसं लागतात. म्हणून एकाच शिबिरात दोन्ही धडे. वेळास ज्या मंडणगड तालुक्यात, त्याच तालुक्यात आंबडवे, बाबासाहेबांच्या घराण्याचं गाव. कासव दाखवून आंबडवे वगळलं, तर ती नुसती सहल.

आता कामाचं बोलू. चौघं पोरांसोबत राहणारे हवेत. एकजण हिशेबाला. दोघांनी आधी जाऊन राहण्याजेवण्याची, मुलींच्या सोयीची, कुठं पाण्यात उतरू द्यायचं नाही याची पाहणी करायची. जात विचारून पान वाढतात तिथं उतरायचं नाही. ज्याचा रोज बुडेल, त्याचा रोज वर्गणीतून भरायचा. किनाऱ्यावर बॅटऱ्या, फ्लॅश बंद. पिल्लू उजेडाच्या रोखानं चालतं, खोट्या उजेडानं भलतीकडं जाऊन मरतं. हे पोरांना आधी सांगा. ती विसरणार नाहीत.

टाळ्या नकोत. वही फिरते आहे, नावं लिहा.

जय भीम!