पाण्याकाठची वाट सर्वांची हवी

(कुही येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पक्षाच्या व्यासपीठावरून सहलीचा विषय निघावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. या तालुक्यात सिंचनाचा, पुनर्वसनाचा, तरुणांच्या रोजगाराचा प्रश्न उभा असताना चाकाच्या खुर्चीतील माणसाने नदीकाठी फिरावयास कसे जावे, याची चर्चा ही चैन आहे, असा आक्षेप घेतला जाईल. हा आक्षेप मी आधी विचारात घेतो. कारण त्याच्या उत्तरातच आजच्या विषयाचे मर्म आहे.

कष्टकऱ्याची विश्रांती ही चैन आहे, असे एके काळी गिरणीमालकही मानीत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली त्यांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. श्रम विकणारा माणूस श्रमाखेरीजही कोणीतरी आहे, ही त्या मागणीमागची भूमिका होती. फुरसत, करमणूक, चार माणसांत मिसळणे हे श्रीमंतांचे खासगी वतन नव्हे, ही शिकवण आपल्या चळवळीच्या पायातच आहे. मग ती शिकवण पायांनी चालू शकणाऱ्यांपुरतीच का असावी?

आता आपल्या तालुक्याकडे वळू. २२ एप्रिल १९८८ रोजी गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसली. ३७२ कोटी रुपयांचा म्हणून सांगितलेला हा प्रकल्प पुढे कित्येक पटींनी महागला आणि २००९ साली राष्ट्रीय प्रकल्प ठरला. त्याच्या पाण्याखाली नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील गावे गेली. त्यांत कुही तालुक्यातीलही होती. आज त्याच पाण्याच्या काठावर पर्यटन उभे राहत आहे. वैनगंगा, कन्हान, आंभ, मुर्झा आणि कोलारी या पाच नद्यांच्या संगमावरील अंभोरा हे आपले जुने तीर्थक्षेत्र. तेथील टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर आहे. आता वैनगंगेवर तारांनी तोललेला पूल झाला असून उंचावरून जलाशय न्याहाळण्यासाठी त्यावर सज्जाही बांधलेला आहे. गोसीखुर्दच्या जलाशयात जलपर्यटनाचा प्रकल्पही शासनाने हाती घेतला आहे.

ज्यांच्या घरादारावर हे पाणी पसरले, त्या कुटुंबांत वृद्ध आहेत, अपंग आहेत. त्यांच्याच जमिनीवरील पाणी पाहण्यास सारा जिल्हा येणार आणि त्यांनी मात्र वाहनतळावरच थांबावयाचे, असे घडणार असेल तर ते दुसरे विस्थापन होय. पहिल्याची निदान भरपाई तरी मोजली गेली; दुसऱ्याची नोंदही कोठे होणार नाही.

हा प्रश्न मूठभरांचा आहे, असे कोणी समजू नये. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ५४ लाखांना हालचालीचे अपंगत्व होते. एकूण अपंगांपैकी ६९ टक्के खेड्यांत राहतात. महाराष्ट्राचा आकडा २९ लाख ६३ हजारांचा होता. शिवाय एक माणूस घरी राहिला की त्याच्यासाठी आणखी एक घरी राहतो; बहुधा ती घरातील स्त्री असते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक मुद्दा सांगितला पाहिजे. अमर्त्य सेन यांनी १९७९ सालच्या 'समता कशाची?' या व्याख्यानात अपंग माणसाचेच उदाहरण घेतले होते. दोन माणसांना सारखे उत्पन्न मिळाले म्हणून त्यांना सारखे जगता येते असे नाही. त्या उत्पन्नातून प्रत्यक्षात काय करता येते, काय होता येते, हे पाहिले पाहिजे, हा त्यांचा विचार. निवृत्तिवेतनात शंभर रुपयांची भर पडल्याने अपंगाला पायरी चढता येत नाही. पायरी ही सार्वजनिक पैशाने बांधलेली वस्तू आहे. तिच्यावरचा उपायही सार्वजनिकच असला पाहिजे. 'अपंग' हा शब्द जाऊन सरकारी कागदावर 'दिव्यांग' आला. पण नाव बदलल्याने पायरीची उंची एका बोटानेही कमी झालेली नाही. 'चाकाची खुर्ची' लिहिणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात जे काम उभे केले, त्याने अपंगांचा प्रश्न दयेच्या दालनातून हक्काच्या दालनात आणला. राजकीय पक्षांनी त्या दालनात अजून पाऊल टाकलेले दिसत नाही.

कायदा नाही असे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवन व मनोरंजन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सुगमतेचे निकष न पाळणाऱ्या बांधकामाला परवानगी वा पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असे कलम ४४ सांगते. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यास नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये निघाले आणि मुदत जून २०२२ मध्ये उलटली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या नियमांपैकी १५ वा नियम कायद्याशी विसंगत ठरविला. कारण साधे होते : कायदा बंधन घालतो आणि नियम केवळ शिफारस करतो. किमान सक्तीचे निकष तीन महिन्यांत ठरवा, असा आदेश न्यायालयाने केंद्र सरकारला दिला.

खर्चाचे निमित्तही टिकणारे नाही. रॅम्पचा मान्य उतार एकास बारा, म्हणजे ४५ सेंटिमीटर उंचीच्या जोत्याला ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प लागतो. आराखड्यातच तो असेल, तर एकूण बांधकामाच्या मानाने त्याचा खर्च किरकोळ ठरतो; पायऱ्या बांधून झाल्यावर त्या फोडून करावयाचा, तर दुहेरी खर्च येतो. आणि त्याचा लाभ एकट्या चाकाच्या खुर्चीलाच होतो काय? गुडघे दुखणारी आजी, तान्हे मूल घेतलेली आई, मालाची हातगाडी ओढणारा मजूर, हे सारे त्याच वाटेने जातात.

नागपुरात 'अनुभूती' या सर्वसमावेशक उद्यानाची घोषणा २०२३ साली झाली. तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु एक नमुन्याचे उद्यान दाखवून बाकीच्या सर्व स्थळांची जबाबदारी टाळता येणार नाही. हक्क नमुन्यादाखल वाटावयाचा नसतो.

हे हक्क मागितल्याशिवाय कोठेही मिळालेले नाहीत. अमेरिकेत अपंगांविरुद्ध भेदभाव करू नये, असा कायदा १९७३ साली झाला. पण त्याचे नियम चार वर्षे रखडले. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीत शंभरावर अपंग स्त्रीपुरुष तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडून बसले, तेव्हा त्या नियमांवर सही झाली. सत्याग्रहाच्या भूमीतील आपल्याला याहून वेगळे काय सांगावयाचे?

तेव्हा कामाच्या चार गोष्टी सांगून थांबतो. जलाशयाकाठी होणाऱ्या प्रत्येक कामाचा आराखडा माहितीच्या अधिकारात मागवा. वाहनतळापासून धक्क्यापर्यंत आणि धक्क्यापासून नावेपर्यंत अखंड सुगम वाट, रुंद दाराचे स्वच्छतागृह आणि तिकिटाची कमी उंचीची खिडकी त्यात आहे की नाही, ते तपासा. नसेल तर पूर्णत्वाच्या दाखल्यास कलम ४४ नुसार लेखी हरकत घ्या. स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्चावयाची असते; तिचा हिशेब ग्रामसभेत विचारा. आणि या पाहणीला जाताना तालुक्यातील अपंग मित्रांना बरोबर घ्या. त्यांच्या वतीने बोलणारे पुष्कळ झाले. पाहणीच्या अहवालावर पहिली सही त्यांची असू द्या.

पाणी सरकारने अडविले, जमीन लोकांनी दिली. आता काठावरची वाट तरी सर्वांची असावी, एवढीच ही मागणी आहे, आणि कुहीच्या कार्यकर्त्यांनी ती आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावी, अशी माझी विनंती आहे.