अंगणात आलेली शाळा

आजच्या व्याख्यानाचा आरंभ एका साध्या शब्दापासून करणे उचित ठरेल. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या परिसरातील बोरसीसारख्या वस्तीत, किंवा देशाच्या कोणत्याही भागात, ‘अंगणवाडी’ हा शब्द उच्चारला तर त्याचा अर्थ कोणाला समजावून द्यावा लागत नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा प्रारंभ केला आणि तिच्या केंद्रांबरोबर हे नाव खेडोपाडी पोहोचले. परंतु अंगणात भरणारी बालवाडी ही कल्पना त्याच्या कितीतरी आधी, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी आकाराला आली होती. तिच्यामागे ताराबाई मोडक यांचे दीर्घ परिश्रम होते. शिक्षणापासून वंचित राहिलेल्या मुलासाठी शिकवण्याची पद्धत, साधने आणि शिक्षक ही तिन्ही नव्याने घडवावी लागतात, हे त्यांच्या कार्यातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसरीकडे होईल.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यानंतर काही वर्षांनी राजकोट येथील स्त्री-शिक्षिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. त्या काळी एका भारतीय स्त्रीला ते मिळावे, ही मोठीच गोष्ट होती. ते स्थैर्य सोडून त्या भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम करण्यासाठी गेल्या. १९२६ मध्ये या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले आणि मराठी घरांत बालशिक्षणाचा विचार रुजू लागला.

या ठिकाणी माँटेसोरी पद्धतीचा पूर्वेतिहास ध्यानात घेतला पाहिजे. ही पद्धत प्रथम संपन्न घरांतील बालकांसाठी निर्माण झाली नव्हती. मारिया माँटेसोरी या मूळच्या वैद्यक. रोममध्ये मतिमंद म्हणून बाजूला सारलेल्या मुलांना शिकवताना, इतार आणि सेग्याँ या फ्रेंच वैद्यांच्या प्रयोगांचा आधार घेऊन त्यांनी हाताने हाताळावयाची साधने तयार केली. नंतर १९०७ मध्ये सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. म्हणजे जी मुले शिकूच शकत नाहीत असे समाजाने ठरवून टाकले होते, त्यांच्यापासून या शास्त्राचा आरंभ झाला. भारतात येईपर्यंत मात्र त्याच्या सुबक लाकडी साधनांची किंमत वाढली होती आणि बालमंदिर ही शहरी सुखवस्तू कुटुंबांची गोष्ट होऊ लागली होती. ताराबाईंनी ही विसंगती ओळखली. जे शास्त्र गरिबाच्या दारातून निघाले, ते पुन्हा गरिबाच्या दारी नेणे हे त्यांनी आपले उर्वरित आयुष्याचे कार्य मानले.

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी तलासरी आणि डहाणू भागात वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता, ही गोष्ट विसरता येत नाही. आईबाप जमीनदाराच्या शेतावर राबत, मोठी मुले गुरे राखत आणि मुली धाकट्या भावंडांना सांभाळत. अशा घरातील मूल नेमलेल्या वेळी, स्वच्छ कपडे घालून, दूरच्या शाळेत येईल ही अपेक्षाच निरर्थक होती. मूल येत नाही याचा दोष सामान्यतः मुलाला किंवा त्याच्या आईबापांना दिला जातो. ताराबाईंनी तो शाळेच्या रचनेत शोधला. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, हे सूत्र त्यांनी धरले आणि बालवाडी पाड्यावरील घरांच्या अंगणात भरू लागली.

अंगणात शाळा न्यायची तर साधनेही अंगणातलीच हवीत. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, काड्या यांची साधने झाली. लहान-मोठे, जड-हलके, गुळगुळीत-खरबरीत हे भेद शिकण्यासाठी परदेशी नमुन्याच्या पेटीची आवश्यकता उरली नाही. वस्तू बदलली, तिच्यामागील तत्त्व बदलले नाही. पद्धतीतील अनिवार्य भाग कोणता आणि केवळ परिस्थितीमुळे आलेला कोणता, हे ज्याला ओळखता येते, तोच ती दुसऱ्या भूमीत रुजवू शकतो.

या कार्यात त्यांना अनुताई वाघ यांच्यासारखी सहकारी लाभली. १९१० मध्ये जन्मलेल्या आणि बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई बोर्डीला आल्या आणि अखेरपर्यंत या कार्याशी एकरूप झाल्या. पुढे केंद्राचे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि विकासवाडी उभी राहिली. येथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. कडेवर भावंड घेऊन येणाऱ्या मुलीला परत पाठवण्याऐवजी त्या भावंडाची सोय केली, की ती मुलगी शिकायला मोकळी होत असे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणावरच जाऊ लागले. तीच कुरणशाळा. मुलाच्या जीवनातील अडचण दूर होईपर्यंत थांबावयाचे नाही, तिला सामावून घेईल अशी शाळा रचावयाची, हा या सर्व व्यवस्थेचा गाभा होता.

परंतु अशी शाळा चालवणारा शिक्षक आयता मिळत नाही. म्हणूनच प्रशिक्षण हा त्यांच्या कार्याचा कणा राहिला. घरोघरी जाऊन मुले गोळा करणे, त्यांना न्हाऊमाखू घालणे, पाड्यावरची बोली कमी लेखली न जाता तिच्यातून प्रमाण मराठीकडे नेणे, या गोष्टी व्याख्यानांनी शिकवता येत नाहीत. भावी शिक्षिकेने त्या प्रत्यक्ष करूनच शिकावयाच्या असतात. सर्वांत कठीण भाग म्हणजे तिची दृष्टी बदलणे. ‘या मुलांना काही येत नाही’ हे वाक्य जिच्या मनातून गेले नाही, तिच्या हाती उत्तम साधन देऊनही ते निर्जीवच राहते.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर १९७४ मध्ये अपंग मुलांना सामान्य शाळांतून शिकवण्यासाठी केंद्र सरकारची एकात्मिक शिक्षण योजना आली. १९९५ चा अपंग व्यक्तींविषयीचा कायदा, २००९ चा शिक्षणहक्क कायदा आणि २०१६ चा दिव्यांगजनांच्या हक्कांचा कायदा यांनी प्रत्येक मुलाचा शाळेवरील अधिकार मान्य केला. ‘समावेशक शिक्षण’ ही संज्ञा आज अधिकृत आहे. तरीही हजेरीपटावर नाव असणे आणि वर्गात स्थान असणे यांतील अंतर कायद्याने आपोआप मिटत नाही. न पाहू शकणाऱ्या मुलासमोर फळ्यावर लिहून पुढे जाणारा, किंवा ऐकू न येणाऱ्या मुलाकडे पाठ करून बोलणारा शिक्षक त्या मुलाला भर वर्गात बाहेरच ठेवतो. अशा शिक्षकाने पहिला प्रश्न मुलाविषयी न विचारता आपल्या पाठाविषयी विचारला पाहिजे.

बोर्डीच्या अंगणात हाच प्रश्न विचारला गेला होता. वारली मुलाला आज आणि उद्या शाळेत कसे बसवावे, याचा विचार तेथे झाला नाही. शाळेने कोठे बसावे याचा झाला. बोरसीतील अंगणवाडी असो की महानगरातील मोठी शाळा, दाराशी आलेल्या अथवा दारापर्यंत न पोहोचलेल्या प्रत्येक मुलाच्या वेळी तो प्रश्न पुन्हा नव्याने उभा राहतो. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी मुलावर टाकता येणार नाही.