होडीच्या एंजिनाचा श्वास

पूर्वीं ज्यांच्या घरीं स्कूटर होती, त्यांना सकाळचा एक देखावा आठवत असेल. किक मारून मारून घरधनी घामाघूम होत, मग स्कूटर एका अंगावर कलती करीत, सरळ करीत आणि पुन्हा किक मारीत. ही सारी आराधना ज्या लहानशा यंत्राची चाले, त्याचें नांव कार्ब्युरेटर. २०२० सालच्या धूर-नियमांनंतर नव्या दुचाकींतून तो बहुतेक नाहींसा झाला. परंतु जुन्या पेट्रोल-होड्यांच्या पोटांत तो अजून नांदतो आहे. स्कूटर बंद पडली तर माणूस ती ढकलीत घरीं येतो. भरतीच्या ओढींत, बंदराच्या तोंडाशीं एंजिन थांबलें, तर होडी कोणी ढकलावी ?

आपल्या कोंकणपट्टीवरील यांत्रिक मासेमारी नौका बहुतांशीं डिझेलवर चालतात. त्यांना कार्ब्युरेटर नसतो. म्हणून उदाहरणासाठीं अमेरिकेंतलें 'ॲटॉमिक फोर' हें एंजिन घेऊं. दुसऱ्या महायुद्धानंतर निघालेलें, चार सिलिंडरांचें व सुमारें ३० अश्वशक्तीचें हें एंजिन हजारों शिडाच्या होड्यांत बसविलें गेलें. त्याचें उत्पादन थांबून कित्येक वर्षें लोटलीं, तरी अनेक मालक तें आजहि जिवापाड सांभाळतात.

कार्ब्युरेटरचें काम थोडक्यांत असें. त्याच्या वाटींत पेट्रोल सांठतें. त्यावर एक पोकळ गोळा तरंगतो. पातळी चढली कीं तो सुईनें पेट्रोलची वाट बंद करतो, अगदीं आपल्या पाण्याच्या टांकींतल्या गोळ्याप्रमाणें. एंजिन हवा ओढतें तेव्हां ती एका अरुंद गळ्यांतून वेगानें जाते. तेथें तिचा दाब उतरतो आणि 'जेट' नांवाच्या बारीक छिद्रांतून पेट्रोलचे तुषार तिच्यांत मिसळतात. जर्मनींत मायबाख यांनीं आणि हंगेरींत बांकी व चोंका यांनीं ही युक्ति १८९३ च्या सुमारास सिद्ध केली. वजनानें एक भाग पेट्रोलला सुमारें पंधरा भाग हवा लागते. हें प्रमाण ढळलें कीं दुखणें सुरू झालें.

परंतु नाडी पाहिल्यावांचून मात्रा देऊं नये. एंजिन रुसलें कीं लोक प्रथम कार्ब्युरेटरच खोलतात, आणि दोष बहुधा दुसरीकडेच असतो. आधीं ठिणगी पहावी. मग थोडें पेट्रोल कांचेच्या बरणींत काढून स्थिर होऊं द्यावें. पाणी असेल तर तें तळाशीं बसतें. इथेनॉलमिश्रित पेट्रोल तर हवेंतला ओलावा शोषून घेतें. एंजिन सुरू होऊन थोड्या वेळानें मरगळत असेल, तर टांकीचें झांकण सैल करून पहावें. त्यानें तें सुधारलें, तर टांकीची हवेची नळी तुंबली आहे असें समजावें.

एवढ्यानें भागलें नाहीं, तर लक्षणें वाचावीं. काळा धूर आणि काजळलेले प्लग म्हणजे पेट्रोल अधिक : सुई नीट बसत नाहीं, गोळ्याला भोंक पडलें आहे, किंवा चोक अडकला आहे. चोक अर्धा ओढल्यावांचून एंजिन चालेना, म्हणजे पेट्रोल कमी : जेट तुंबला आहे किंवा खालच्या सांध्यांतून हवा शिरते आहे. जेट औषधी द्रवांत भिजवून हवेच्या फुंकरीनें साफ करावा. तार कधींहि घालूं नये, कारण छिद्र केसभर वाढलें तरी प्रमाण बिघडतें. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. नाहीं तर गुण कशानें आला, हें कळणार नाहीं.

आतां सुधारणेविषयीं. स्वस्त मिळाला म्हणून मोटारीचा कार्ब्युरेटर होडीला लावण्याचा मोह होतो. तो प्राणघातक आहे. मोटारीखालून वारा वाहतो, सांडलेलें पेट्रोल उडून जातें. पेट्रोलची वाफ हवेहून जड. होडींत ती तळाशीं सांचते आणि एका ठिणगीची वाट पाहते. म्हणून होडीच्या कार्ब्युरेटरची घडण अशी असते कीं वाटी भरून वाहिली, तरी पेट्रोल बाहेर न सांडतां एंजिनाच्याच घशांत जावें. त्याच्या तोंडावर ज्वाळा रोखणारी धातूची जाळी हवी. अमेरिकेंत २५ एप्रिल १९४० नंतर बसविलेल्या प्रत्येक पेट्रोल एंजिनाला, होडीबाहेर टांगावयाचीं एंजिनें सोडून, असें साधन सक्तीचें आहे. खरी सुधारणा म्हणजे होडीसाठींच बनविलेला कार्ब्युरेटर, पाणी वेगळें करणारी गाळणी, इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या, आणि एंजिन सुरू करण्यापूर्वीं किमान चार मिनिटें पंखा चालवून तळघरांतला वास घेण्याची संवय.

ह्या सर्वांनीं होडीचा वेग तसूभरहि वाढणार नाहीं. पण सायंकाळीं किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या माणसांना वेग नको असतो. होडी परत यावी, एवढेंच त्यांचें मागणें असतें.