ताप गेला, डोळा लाल झाला
(दुग्धोत्पादक शेतकऱ्यांच्या मेळाव्यातील भाषण)



डोळा लाल झाला की आपण ‘डोळे आले’ असे म्हणतो, दुकानातून थेंब आणतो आणि कामाला लागतो. बहुतेक वेळा ते निभावूनही जाते. आजच्या विकारात मात्र ते निभावत नाही, कारण त्याचे मूळ गोठ्यात आणि भातखाचरात असते.

लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात ठाण मांडतात. उंदराला त्याचा उपद्रव जाणवत नाही. गुरे, डुकरे व कुत्री यांच्या मूत्रातूनही ते बाहेर पडतात. गाय गाभडली वा तिचे दूध एकाएकी आटले, तर हेही एक कारण संभवते. साचलेल्या पाण्यात व चिखलात हे जंतू कित्येक आठवडे तग धरतात आणि पायाच्या भेगेतून किंवा डोळ्यात उडालेल्या पाण्यातून शरीरात शिरतात. थंडीताप येतो, पोटऱ्या दुखतात. काहींना कावीळ होऊन जिवावर बेतते. पुष्कळांचा ताप मात्र उतरतो व आजार विसरला जातो.

त्यानंतर काही महिन्यांनी, कोणाकोणाच्या डोळ्याचा आतला, रक्तवाहिन्यांनी भरलेला पडदा सुजतो. मदुराई परिसरात १९९३ साली पूर आले आणि १९९४ मध्ये तेथील अरविंद नेत्ररुग्णालयात असे रुग्ण येऊ लागले. त्यांतील ७३ जणांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. घोड्यांतील असाच दाह पशुवैद्यांच्या जुन्या परिचयाचा आहे. तो चंद्राच्या कलांप्रमाणे उलटतो, अशी पूर्वी समजूत होती!

डोळे आले असता चिपडे येतात, पापण्या चिकटतात, पण नजर सहसा शाबूत राहते. येथे चिपडे नसतात. उजेड सोसवत नाही, डोळा आतून ठणकतो, नजर धुरकट होते, ठिपके तरंगताना दिसतात. वेळीच उपचार झाल्यास दृष्टी बहुधा परत येते. हेळसांड केल्यास मोतीबिंदू होऊ शकतो. बाहुली रुंदावणारे व स्टेरॉइडचे थेंब यावर देतात. परंतु तेच स्टेरॉइड विषाणूंनी झालेल्या बुबुळाच्या जखमेवर घातले तर डोळा गमावण्याची वेळ येते. म्हणून दुकानदाराला नेत्रतज्ज्ञ समजू नये. शहरातील डॉक्टरांपुढे बसाल तेव्हा श्रावणातला ताप, चिखलणी आणि गोठा यांचा उल्लेख आपण होऊन करावा. त्यांना ते विचारण्याचे सुचेलच असे नाही.

गोठ्यातील मूत्र वाहून जाण्यास उतार ठेवावा. पेंड झाकून ठेवावी, म्हणजे उंदरांचा राबता कमी होईल. पायाला जखम असता उघड्या पायांनी खाचरात उतरू नये. गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हाताने उचलू नये. हातमोजे घालून ती खोल पुरावी आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.